चौकटीबाहेरचा माणूस

आम्ही चौघे ज्या घरांत वाढलो, त्या घरांच्या भिंतींवर माणसांच्या तसबिरी नव्हत्या. काबाशरीफचे चित्र असलेले कॅलेंडर, एखादा तुग्रा, आणि एका घरात कुणा दुकानदाराने भेट दिलेले काश्मीरचे निसर्गचित्र. निकाहाचे फोटो असत, पण ते ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. आमच्यापैकी एकाने पुढे साताऱ्यात फोटो स्टुडिओ काढला, तेव्हा त्याच्या अम्मींना ते फारसे रुचले नाही. पोट त्यावर चालते म्हणून त्या गप्प राहिल्या. पण पावसाळा सरताना आम्ही चौघे कॅमेरे घेऊन कासच्या पठारावर जाऊ लागलो, तेव्हा मात्र त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "झाडां-फूलां के निकालते ना? फिर निकालो. उसमें कुछ हरज नहीं."

तसबिरीबद्दल उलेमांत मतभेद आहेत. कॅमेऱ्याने काढलेला फोटो म्हणजे चित्र की आरशातले प्रतिबिंब, याबद्दल तर अधिकच. पण डोंगर, नद्या, झाडे, फुले यांच्या चित्राला बहुतेकांची हरकत नसते. जीव असलेल्याला रूप देणे हे त्या 'मुसव्विर'चे काम, बंद्याने त्याची बरोबरी करू नये, असा त्यामागचा विचार. आम्ही फिक्हचे अभ्यासक नाही आणि त्या वादात शिरण्याचा आमचा इरादाही नाही. सांगायचे एवढेच की, फुलांचे छायाचित्रण आम्हांला निर्धास्त वाटे. घरच्यांची नाराजी नाही, कुणाची बेअब्रू नाही, फूल तक्रार करीत नाही. सवाब मिळेल असे काही नाही, पण गुनाहही नाही, अशी ही एक जागा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. ही निर्धास्ती कितपत खरी होती, हा प्रश्न आम्हांला फार उशिरा पडला.

ऑगस्ट २००६ मध्ये आम्ही हिमालयातील 'फूलों की घाटी' म्हणजे व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानात गेलो. त्या राज्याचे नाव तेव्हा उत्तरांचल होते, उत्तराखंड व्हायला काही महिने होते. जोशीमठच्या पुढे गोविंदघाट, आणि तिथून घांघरियापर्यंत तेरा किलोमीटर चढण. ही वाट हेमकुंड साहिबला जाणाऱ्या शीख यात्रेकरूंची. म्हाताऱ्या बाया, लहान मुले, अनवाणी जवान, सगळे एकमेकांना धीर देत चालत असतात. घांघरियाच्या पुढे वाट फुटते. यात्रेकरू उजवीकडे हेमकुंडाला चढतात आणि फुलांचे शौकीन डावीकडे घाटीत शिरतात. घाटीत खेचरे नेऊ देत नाहीत, मुक्कामही करू देत नाहीत. दिवस मावळण्याआधी बाहेर पडावे लागते. आमच्या कॅमेऱ्यांच्या पिशव्या आणि ट्रायपॉड वाहायला आम्ही एक माणूस ठरवला. पन्नाशी उलटलेला, पाठीवर टोपली, तिला तिकडे कंडी म्हणतात. तो वाटेवरच्याच भ्यूंडार गावचा. तो आम्हांला 'भाईसाहब' म्हणे, आम्ही त्याला 'चाचा'. नाव त्याने पहिल्या दिवशी सांगितले होते. ते आमच्या लक्षात राहिले नाही.

या घाटीची प्रसिद्धी ज्याने केली तो फ्रँक स्माईथ हा इंग्रज गिर्यारोहक. १९३१ साली कामेत शिखर सर करून परतताना पावसाधुक्यात त्याची तुकडी भ्यूंडार खोऱ्यात उतरली आणि फुलांनी भरलेले कुरण पाहून थक्क झाली. १९३७ मध्ये तो खास फुलांसाठी परत आला आणि १९३८ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. पुस्तकाचे नाव तेच पुढे घाटीचे नाव झाले. स्माईथ स्वतः छायाचित्रकारही होता. सर्वसाधारण समजूत अशी की, त्याने ही घाटी 'शोधली'. ज्या वाटेने तो उतरला त्या खोऱ्यात माणसे राहत होती, उन्हाळ्यात आपल्या शेळ्यामेंढ्या वर नेत होती, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि शोधाची कहाणी सांगताना कुणाच्याच लक्षात नसते.

घाटीचे वर्णन करण्याची आमची ताकद नाही. सव्वातीन हजार मीटरच्या वर, पुष्पावती नदीच्या काठाने चढत गेलेली हिरवी उतरण, तिच्यावर धुके बसते आणि उठते. गुलाबी तेरड्याचे ताटवेच्या ताटवे. आपल्या सह्याद्रीतल्या तेरड्याचाच भाऊबंद, पण डोक्याएवढा उंच. निळसर जांभळी जिरेनियम. खडकाच्या आडोशाला, काट्याकाट्यांच्या देठावर, ओल्या रेशमासारखी पाकळी असलेली निळी खसखस, म्हणजे ब्लू पॉपी. तिच्या मध्यभागी पिवळ्या केसरांचा झुबका. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती या साडेसत्याऐंशी चौरस किलोमीटरच्या उद्यानात नोंदल्या आहेत. ब्रह्मकमळ मात्र मुख्यतः हेमकुंडाच्या बाजूला, अधिक उंचीवर. (आपल्याकडे गच्चीतल्या कुंडीत रात्री फुलते आणि ज्याच्या पूजेसाठी शेजारपाजार गोळा होतो, ते 'ब्रह्मकमळ' मेक्सिकोकडचे निवडुंग आहे. हे आम्ही एका शेजारीणबाईंना सांगितले तेव्हा त्या आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.)

फुलाचा फोटो काढणे बाहेरून दिसते तितके सोपे नसते. वारा थांबण्याची वाट पाहावी लागते. पाऊस असेल तर लेन्सवर थेंब, ऊन असेल तर पाकळीचा रंग उडतो. सगळ्यांत चांगला उजेड ढगाआडचा. आम्ही स्लाईड फिल्म वापरत होतो, फुजीची वेल्व्हिया. ती हिरव्याला अधिक हिरवे करते आणि तांबड्याला अधिक तांबडे, म्हणूनच निसर्गचित्रे काढणाऱ्यांची ती लाडकी. म्हणजे पहिली लबाडी बाजारातूनच विकत आणलेली होती. दुसरी आमच्या हातची. फुलाच्या पुढे आलेले गवताचे पाते वाकवायचे, सुकलेले पान काढून टाकायचे, आणि फुलाच्या पातळीला डोळा यावा म्हणून पोटावर आडवे व्हायचे. आम्ही जिथे आडवे झालो तिथे खाली काय होते हे उठल्यावर दिसे. कासच्या पठारावर गेंदाची पांढरी टोपणे आमच्या कोपरांखाली किती चिरडली असतील त्याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही.

चाचा दिवसभर आमच्याबरोबर होता. पावसाची भुरभुर होती म्हणून तो फुलावर आणि कॅमेऱ्यावर छत्री धरी. मग कधी त्याचा हात चौकटीत येई, कधी सावली, कधी कंडीचे टोक. "चाचा, जरा हटना." "चाचा, थोडा और." हे वाक्य त्या दिवशी आम्ही किती वेळा म्हटले! तो हसून मागे सरके. त्यात अपमान वाटण्यासारखे त्याला काही दिसले नसावे. आम्हांलाही नाही.

दुपारी एका मोठ्या दगडाच्या आडोशाला आम्ही भाकऱ्या सोडल्या. तेव्हा तो पलीकडच्या उतारावरचे पांढऱ्या तुऱ्यांचे रान दाखवून म्हणाला, "वो देखो भाईसाहब, अमेला. पहले इतना नहीं था." आम्ही चमकलो. त्या पांढऱ्या तुऱ्यांवर आम्ही सकाळीच अर्धा रोल खर्च केला होता. मग तो सांगू लागला. त्याचे वडील जनावरे घेऊन इथे येत. तोही लहानपणापासून येई. समोरच्या सपाटीवर त्यांचा डेरा असे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, चराई बंद झाली, जनावरे विकावी लागली. तो कुरकुर करीत नव्हता. मुलगा घांघरियात हॉटेलात कामाला होता, मोसमात बरे मिळत होते. सांगण्याचा सूर असा की, जुन्या घराजवळून जाताना आपण म्हणतो, 'इथे आमची चूल होती.'

जेवण झाल्यावर हात पुसत तो म्हणाला, "भाईसाहब, मेरी भी एक निकाल दो. यहाँ, फूलों में."

त्या वेळी शेवटच्या रोलवर तीन-चार फोटो शिल्लक होते आणि निळ्या खसखशीवर नुकताच ढगातून उजेड उतरला होता. आम्ही म्हणालो, "उतरते वक्त निकालेंगे, चाचा." उतरताना पावसाने गाठले. कॅमेरे प्लास्टिकमध्ये बांधले होते. फाटकाबाहेर पडलो तेव्हा अंधारून आले होते. दुसऱ्या दिवशी गोविंदघाटला हिशेब झाला, त्याने सलाम केला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

चौघांचे मिळून चौदा रोल झाले होते. पाचशेच्या वर फोटो. त्यांत तो कुठेही नाही.

माणसाचा एक मागमूस मात्र आहे. घाटीत जोन मार्गारेट लेग या इंग्रज बाईंची कबर आहे. वनस्पती गोळा करण्यासाठी त्या १९३९ मध्ये आल्या आणि जुलै महिन्यात उतारावरून घसरून वारल्या. बहिणीने तिथे दगड बसवला. कबर पाहिली की आपले हात आपोआप उठतात, तसे आमचेही उठले. मग आम्ही तिचे पाच फोटो काढले. तिथे जाणारा प्रत्येकजण काढतो. त्या घाटीत पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळे काढलेल्या धनगरांच्या नावाचा दगड आम्हांला कुठे दिसला नाही. आम्ही शोधलाही नाही.

परतल्यावर, २००७ मध्ये, साताऱ्यात आम्ही त्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले. नाव दिले 'अस्पर्श हिमालय'. लोकांनी कौतुक केले. कासकडच्या एका गावचे म्हातारे गृहस्थ नातवाबरोबर आले होते. त्यांनी सगळी चित्रे शांतपणे पाहिली आणि विचारले, "इथं गुरं न्हाईत का चरायला?" आम्ही अभिमानाने सांगितले, बंदी आहे. ते म्हणाले, "मग गवत कोन खातं?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. चराई थांबल्यावर घाटीत उंच वाढणाऱ्या वनस्पती, विशेषतः तो पांढऱ्या तुऱ्यांचा अमेला, पसरल्या आणि ठेंगण्या फुलझाडांची जागा आक्रसली, असे काही अभ्यासकांनी मांडले. इतरांना ते पटले नाही. चराईनेच नुकसान होत होते, असे त्यांचे निरीक्षण. वाद काहीही असो, वनखात्याला पुढे तो अमेला माणसे लावून उपटावा लागला ही वस्तुस्थिती आहे. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले. गर्दी उसळली, काही वर्षे तारेचे कुंपण उभे राहिले, आणि गुरे बंद झाली की फुले वाढतात की घटतात, यावरून इकडेही तोच वाद झाला. म्हणजे ज्या फुलांना आम्ही 'अस्पर्श' म्हणत होतो, त्यांच्यावर शेळ्यांचे दात, माणसाचे पाय आणि गुराख्याची काठी यांचा स्पर्श कितीतरी वर्षे होत आला होता. आम्ही त्या स्पर्शालाच 'चाचा, जरा हटना' म्हणालो.

ही सवय आमच्या एकट्याची नाही, या विचाराने थोडा दिलासा मिळतो आणि थोडी भीतीही वाटते. स्टुडिओवाल्या मित्राकडे अमेरिकेच्या ॲन्सेल ॲडम्सचे पुस्तक आहे. योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानातील त्याची कृष्णधवल छायाचित्रे जगभर गाजली. त्याच्याही आधी, १८६१ मध्ये, कार्लटन वॉटकिन्स याने योसेमिटीची भव्य छायाचित्रे काढली. ती वॉशिंग्टनपर्यंत पोचली आणि १८६४ मध्ये लिंकनच्या सहीने ती दरी राखीव झाली, त्यात त्या छायाचित्रांचा वाटा होता असे मानतात. छायाचित्रातली दरी शांत आणि निर्मनुष्य आहे. अवघ्या दहा वर्षांपूर्वी, १८५१ मध्ये, हत्यारबंद पलटण तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावायला त्या दरीत शिरली होती, हे छायाचित्र सांगत नाही. ते सांगण्याचा कॅमेऱ्याचा धर्म नाही, असे कुणी म्हणेल.

ॲडम्सची एक गोष्ट तर आम्हांला विसरता येत नाही. १९४४ मध्ये त्याने लोन पाइन गावाजवळून सिएरा नेवाडाच्या रांगेवरचा हिवाळी सूर्योदय टिपला. वर बर्फाची उजळलेली शिखरे, खाली काळोखी टेकडी, पायथ्याशी उन्हाच्या पट्ट्यात एक घोडा. त्या काळ्या टेकडीवर गावच्या हायस्कुलातल्या पोरांनी दगडांना चुना फासून 'एल पी' अशी गावाची आद्याक्षरे उभी केली होती. ॲडम्सला ती खुपली. त्याने ती चित्रातून घालवून टाकली आणि हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्यावर टीका झाली, त्याला पश्चात्ताप झाला नाही. इथवर गोष्ट सोपी आहे. पण त्याच दिवसांत तो त्या गावापासून पंधरा किलोमीटरवर मान्झानार इथे काम करीत होता. युद्धकाळात जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना अमेरिकेने घरादारातून उठवून छावण्यांत डांबले. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. मान्झानारची छावणी त्यांपैकी एक, तिथे दहा हजार माणसे. ॲडम्सने त्यांचे चेहरे टिपले, अगदी जवळून, सरळ नजरेने पाहणारे, आणि १९४४ मध्येच 'बॉर्न फ्री अँड इक्वल' या नावाने पुस्तक काढले. देश युद्धात असताना हे करायला हिंमत लागते.

एकाच माणसाने, एकाच हिवाळ्यात, टेकडीवरून पोरांची अक्षरे पुसली आणि तारेआडच्या माणसांचे चेहरे राखले. यात विसंगती आहे का? आमच्यात यावर बऱ्याच रात्री वाद झाला. एकाचे म्हणणे, आहे, आणि ती कलावंताची अप्रामाणिकता आहे. दुसऱ्याचे म्हणणे, चौकट म्हणजेच निवड. प्रत्येक फोटो जगाचा बहुतेक भाग बाहेर ठेवतो, मग प्रत्येक फोटो खोटाच म्हणायचा का? गझलेच्या शेरात सगळा गाव येत नाही, म्हणून शायर खोटारडा ठरत नाही.

दुसऱ्याचे म्हणणे आम्हांला बरेचसे पटते. फुलाच्या फोटोत माणूस असलाच पाहिजे असा आग्रह कुणी धरला तर आम्ही त्याला वेड्यात काढू. शिवाय फुलांची छायाचित्रे पाहूनच फुले वाचवावीत असे अनेकांना वाटते, हेही खरे. पण आमच्या मते फरक इथे पडतो: बाहेर ठेवलेली गोष्ट ही चित्रातल्या गोष्टीशी असंबद्ध होती, की तिच्यावाचून चित्रच उभे राहत नव्हते? लोन पाइनच्या पोरांची अक्षरे पुसल्याने शिखरांबद्दल काही खोटे सांगितले जात नाही, फार तर पोरांचा हिरमोड होतो. पण 'अस्पर्श' असे नाव देऊन आम्ही जे टांगले, ते खोटी साक्ष देण्यासारखे होते. आपल्याकडे साक्ष, शहादत, हा शब्द हलका नाही. आमच्या फोटोंवर कुणी कसम खायला लावली असती तर आम्ही अडखळलो असतो. छत्री धरणारा हात बाजूला सारून आम्ही पाऊस न लागलेले फूल दाखवले. ज्यांच्या जनावरांना बाहेर काढून उद्यान झाले, त्यांच्यातल्याच एकाच्या पाठीवरून कॅमेरे नेऊन आम्ही निर्मनुष्य घाटी दाखवली.

आणि इथेच आमची घरची शिकवण आम्हांला अडचणीत टाकते. जिवंत माणसाची तसबीर टाळावी, ही वडीलधाऱ्यांची सूचना नम्रतेपोटी होती. निर्मात्याची बरोबरी करू नये, स्वतःची मूर्ती करून मिरवू नये, हा तिचा हेतू. आम्ही तिचे काय केले? आमच्या स्वतःच्या मुलाबाळांचे, सहलींचे, ईदचे फोटो तर आम्ही खुशाल काढत होतो. नियम आठवला तो फक्त इतरांना वगळताना. वगळणे आधी आवडीने होत होते, मग त्याला परहेजगारीचे नाव देता आले. चाचाने फोटो मागितला तेव्हा आमच्यापैकी कुणीही 'तसबीर जाइज नाही' असे म्हणाले नाही. आम्ही म्हणालो, नंतर. हे 'नंतर' कुठल्या किताबात बसवायचे?

१६ आणि १७ जून २०१३ च्या प्रलयाची बातमी आली, तेव्हा वर्तमानपत्रात केदारनाथबरोबर गोविंदघाटचेही नाव होते. पूल गेला, वाहनतळ गेला, घांघरियाची वाट ठिकठिकाणी वाहून गेली. भ्यूंडार गावाची मोठी हानी झाली. आम्ही चौकशी करायचे ठरवले आणि ध्यानात आले की, चौकशी कुणाची करायची? नाव ठाऊक नाही. दाखवायला फोटो नाही. जोशीमठच्या एका हॉटेलवाल्याला फोन लावून आम्ही वर्णन सांगू लागलो: पन्नाशी उलटलेला, आता साठीचा असेल, कंडी उचलतो, वडील घाटीत जनावरे नेत. तो भला माणूस म्हणाला, "साहब, ऐसे तो यहाँ सब हैं."

फुलांची नावे मात्र आम्हांला अजून पाठ आहेत.

स्लाईडांच्या डब्यात एक स्लाईड आहे. निळी खसखस, पाकळीवर थेंब नाही, उजेड सुरेख. तिच्या डाव्या कडेला काळ्या छत्रीची एक काडी आणि तीन बोटे आली आहेत, किंचित धूसर, नखांत माती. प्रदर्शनाच्या वेळी ती कड आम्ही कापून टाकली होती. मागच्या वर्षी ती स्लाईड न कापता मोठी करून घेतली आणि स्टुडिओत लावली. अम्मी आता हयात नाहीत. त्या असत्या तर त्या तीन बोटांना त्यांनी हरकत घेतली असती की नाही, यावर आमच्या चौघांत अजून एकमत होत नाही.